धरणाकाठी घर आहे, मग होडी घ्यावी का?

पत्र: "आम्ही किरकटवाडीला राहतो. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला तो आठव्या मजल्यावरून खडकवासल्याच्या पाण्याची पट्टी दिसते म्हणूनच. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेतीनचा. नवऱ्याच्या ओळखीचे एक गृहस्थ त्यांची चौदा फुटी फायबरची होडी पंधरा हॉर्सपॉवरच्या इंजिनासकट सव्वादोन लाखांना विकतायत. नवऱ्याने अकरा हजार इसार देऊनही टाकलाय. बाकीचे पैसे मुलांच्या नावाने ठेवलेली एफडी मोडून द्यायचे. सासूबाई ऐकूनही घेत नाहीत. त्या नारायण पेठेतल्या, एकसष्टचा पूर बघितलेल्या. नवरा म्हणतो, पाण्याकाठी राहायचं आणि मुलांना पाण्याची भीती घालायची, हे कसलं जगणं? त्याला पोहता येतं, आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलाय. मला येत नाही, पण मी आपली मुलांना धरून बसेन. मुलीने होडीचं नावही ठरवलंय, 'टिटवी'. सासूबाईंना तेही अपशकुनी वाटतं. मला दोघांचंही पटतं. घ्यावी का होडी? आणि नाही घेतली तर मुलीला काय सांगू?"

नमस्कार,

आधी उत्तर देते, कारणं मागून. ही होडी घेऊ नका. होडी म्हणून कधीच घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण ही होडी, या वर्षी, मुलांची एफडी मोडून, नको.

तुमच्या पत्रात होडीची लांबी आहे, इंजिनाची ताकद आहे, किंमत आहे, नावसुद्धा आहे. ती पाण्यात कुठून उतरवणार, एवढं मात्र नाही. आज रात्री जेवताना नवऱ्याला विचारा, "समज, शनिवारी सकाळी होडी आपली झाली. गाडीच्या मागे लावली. आता गाडी कुठे वळवायची?"

खडकवासल्याचा काठ डोळ्यांसमोर आणा. चौपाटीच्या अंगाला भजी, कणसं आणि शनिवार-रविवारी न हलणारी गाड्यांची रांग. पलीकडे एनडीए, तिथला पीकॉक बे कॅडेटांच्या सरावासाठी आहे, आपल्यातुपल्यासाठी नाही. उरलेल्या काठाला गोऱ्हे, खानापूर, मांडवी, तिकडची शेतं, फार्महाऊस, हॉटेलं. धरण आणि त्यातलं पाणी जलसंपदा विभागाचं, आणि हेच पाणी पुण्याच्या नळांना येतं. तिथे आपल्या मनाने होडी घालता येत नाही, पेट्रोलच्या इंजिनाची तर नाहीच. विभागाची लेखी परवानगी हवी. "चालतंय हो, कोण बघतंय" म्हणणारे तुम्हाला पायलीला पन्नास भेटतील. गावातले ओळखीचे म्हणतील, काठावरचा हॉटेलवाला म्हणेल, होडी विकणारे गृहस्थ तर म्हणतीलच. ज्या दिवशी पाटबंधारे खात्याचा माणूस किंवा पोलीस काठावर येऊन उभा राहील, त्या दिवशी यांतलं कुणी तिथे नसेल. पोरांसमोर तुम्ही दोघं असाल.

आठव्या मजल्यावरून पाणी दिसतं म्हणून ते आपल्या हाताशी आहे असं वाटायला लागतं, आणि पुण्यातले बिल्डर याच वाटण्यावर जगतात. या बाबतीत तुमच्यात आणि कोथरूडमध्ये राहणाऱ्या माणसात काडीचा फरक नाही. पाण्यात उतरायची कायदेशीर जागा त्याच्याकडे नाही आणि तुमच्याकडेही नाही.

कागदांचं थोडक्यात सांगते. नद्या, खाड्या, तलाव, धरणं यांवरच्या बोटींसाठी 1917 सालचा जुना कायदा होता. तो जाऊन 2021 साली नवा अंतर्देशीय जहाज कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला त्यात नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा सांगितलाय. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे येतं. वल्ह्याची होडीही यातून अगदीच सुटलेली नाही, तिची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे व्हावी अशी तरतूद आहे. विकणाऱ्यांकडे यातला कुठला कागद आहे, ते विचारा. "तसं काही लागत नाही आपल्याकडे" असं उत्तर आलं, तर कागद नाही असं समजा. होडी ज्या ट्रेलरवरून आणायची त्यालाही आरटीओची नोंदणी लागते, तेही विचारा.

आणखी एक विचारा, जरा आडून: ते विकतायत का? गेल्या हिवाळ्यात ती किती वेळा पाण्यात गेली? "वेळच होत नाही हो" हे उत्तर आलं, तर दोन वर्षांनी पुढच्या गिऱ्हाइकाला तुमचे यजमान हेच सांगताना मला दिसतायत.

वेळेचं खरंच मांडून बघा. जून ते सप्टेंबर विषयच नाही. ज्यांचं पोट पाण्यावर आहे ते कोळीसुद्धा पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मग बाहेर पडतात. धरणात तर वेगळीच गोष्ट. खडकवासला धरण आकाराने लहान, त्यात जेमतेम दोन टीएमसी, म्हणजे दोन अब्ज घनफूट पाणी मावतं. वरच्या पानशेतमध्ये साडेदहाच्या वर आणि वरसगावमध्ये जवळजवळ तेरा. टेमघर वेगळं. ती भरली की सगळं पाणी या एवढ्याशा धरणातून पुढे मुठेत सोडावं लागतं. दरवाजे कधी उघडतील, विसर्ग कधी वाढेल ते पावसावर. अशा दिवसांत तिथे हौसेची होडी म्हणजे वेडेपणा.

मार्चपासून दुसरी तऱ्हा. पानशेत-वरसगावकडे पाणी मागे सरकायला लागतं. दिवाळीत जिथे पाणी काठाला लागलेलं असतं तिथे एप्रिलमध्ये उतरण उघडी पडते, वरून भेगाळलेली आणि खाली पाण्याजवळ गुडघाभर चिखलाची. दोन-अडीचशे किलोची होडी त्या चिखलातून खाली न्यायची आणि दुपारी उन्हात परत वर ओढायची. पाणी खाली गेलं की पूर्वीच्या शेतांचे बांध, झाडांचे बुंधे, मासेमारांची जाळी हेही इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याच्या उंचीला येतं. आणि संध्याकाळी वळीव. त्याच्याबद्दल पुढे बोलू.

राहिले ऑक्टोबर ते फेब्रुवारी. हवा छान, धरणं भरलेली, सकाळी पाणी आरशासारखं. हे आठवडे वीस-बावीस. त्यातून दिवाळी काढा, मुलीच्या परीक्षा काढा, डिसेंबरातली लग्नं काढा, एकेका पोराचा सर्दी-ताप काढा, नवऱ्याच्या ऑफिसने खाल्लेले शनिवार काढा. दहा वेळा पाण्यात गेलात तरी मी तुम्हाला हौशी म्हणेन. पाच वर्षं धरली तर पन्नास फेऱ्या. सव्वादोन लाखांची होडी पाच वर्षांनी लाखाला गेली असं उदारपणे धरू. सव्वा लाख तिथे गेले. ठेवायची जागा, इंजिनाचं सर्व्हिसिंग, विमा, ट्रेलरचे टायर, पेट्रोल मिळून वर्षाला तीस हजार धरते, आणि ते मी हात आखडूनच धरतेय, कारण पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन जोरात पळवलं तर तासाला पाचेक लिटर पेट्रोल पितं. पाच वर्षांचे दीड लाख. एकूण पावणेतीन लाख, म्हणजे एका फेरीला साडेपाच हजार रुपये. एवढ्यात चौघांची होडीवरची सहल, जेवण आणि येताना सासूबाईंसाठी काहीतरी, असं सगळं बसतं. नवीन होडी घेऊ म्हणाल तर यॉट आणि मौजेच्या होड्यांवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. सरकारच्या लेखी ही चैन आहे, आणि या एका मुद्द्यावर माझं सरकारशी जमतं.

उरलेले साडेतीनशेपेक्षा जास्त दिवस ती होडी राहणार कुठे?

आमच्या सोसायटीत एका कुटुंबाने अशीच हौसेने होडी आणली होती. व्हिजिटर्स पार्किंगच्या दोन जागा अडवून ट्रेलर उभा. वर निळी ताडपत्री, कडांना विटा. पहिल्या पावसात ताडपत्रीला मधोमध पोट आलं, त्यात पाणी साठलं. महापालिकेच्या आरोग्य विभागाचा माणूस डेंग्यूच्या पाहणीला आला, त्याने ताडपत्रीवर वाकून पळीने पाणी काढलं आणि सेक्रेटरींच्या नाकासमोर धरलं. पळीत अळ्या वळवळत होत्या. नोटीस सोसायटीच्या नावाने निघाली. पुढच्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या दुरुस्तीनंतर लगेच "होडी" हा विषय होता आणि त्याला लिफ्टपेक्षा जास्त वेळ लागला. सोसायटीतल्या पोरांनी मात्र तिचं सोनं केलं. संध्याकाळी ताडपत्रीखाली शिरून चाचे-चाचे खेळायची. त्या होडीचा तेवढाच काय तो उपयोग झालेला मी पाहिला. तुमच्या सोसायटीच्या नियमांत ट्रेलर बसतो का, हे इसार देण्याआधी बघायचं होतं. आता निदान बाकीचे पैसे देण्याआधी बघा. आणि रविवारी सकाळी सिंहगडला निघालेल्या गर्दीत, मागे ट्रेलर लावून, सिंहगड रोडवर यू-टर्न घ्यायचा आहे, एवढी कल्पना करून बघा.

आता सासूबाई.

12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं. मातीचं धरण, काम पुरतं झालेलं नव्हतं. तो लोंढा आला तो याच खडकवासल्यात, आणि हे जुनं धरणही त्याच्यापुढे टिकलं नाही. मग पाणी पेठांत शिरलं. तुम्ही बाल्कनीतून बघता त्याच पाण्याबद्दल तुमच्या सासूबाई बोलतायत, आणि त्या तेव्हा लहान मुलगी होत्या. त्यांना कधी शांतपणे विचारलंय का, त्या दिवशी काय काय झालं? कुणाच्या गच्चीवर गेलात, पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं, किती वेळात चढलं? विचारा. मुलांसमोर विचारा. टिटवीचं सोडून द्या, ती बिचारी शेतात अंडी घालते आणि कुणी जवळ आलं की ओरडते, तिचा कुणाच्या नशिबाशी संबंध नाही. पण पाणी किती वेळात चढतं, हे तुमच्या घरात फक्त सासूबाईंनी बघितलंय. नवरा त्यांच्या म्हणण्याला भीती म्हणतो. त्यात भीती आहेच, माहितीही आहे.

वळिवाचं म्हटलं होतं, ते सांगते. 21 मे 2024 ला उजनीच्या फुगवट्यात, करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापुराकडच्या कळाशीला निघालेली होडी संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. रोजच्या जाण्या-येण्याच्या वाटेवरची होडी होती ती, हौसेची नव्हे. मोठ्या धरणाचं पाणी लांबच लांब उघडं असतं, वाऱ्याला आडवं काही येत नाही. दुपारपर्यंत निपचित असलेलं पाणी वीस मिनिटांत आखूड, उभ्या लाटा उठवायला लागतं. चौदा फुटी होडीचा काठ पाण्यापासून हात-दीड हात वर. अशा वेळी घाबरलेलं पोर उभं राहतं, त्याला धरायला आई उठते, दोघांचं वजन एका बाजूला जातं.

तुम्ही लिहिलंय, मला पोहता येत नाही, मी मुलांना धरून बसेन. ताई, तुमच्या सगळ्या पत्रात मला या एका वाक्याने बेचैन केलं. त्या होडीत मोठी माणसं दोन. नवरा इंजिनाशी मागच्या बाजूला, कडेवर. पाण्यात पडायची शक्यता सगळ्यांत जास्त त्याचीच. तो पडला तर होडी चालूच राहणार, इंजिन सुरू, पंखा फिरतोय, पुढे तुम्ही दोन पोरांना दोन हातांनी धरून. इंजिन बंद कोण करणार? होडी वळवून त्याच्याकडे कोण नेणार? अशा इंजिनांना एक दोरी असते, चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवायची. माणूस पडला की ती खेचली जाते आणि इंजिन बंद पडतं. ती दोरी या होडीला आहे का, आणि यजमान ती अडकवतील का, की "एवढं काय त्यात" म्हणून खिशात ठेवतील? तुम्ही त्यांना ओळखता, मी नाही. पण इंजिन थांबलं तरी भर धरणात वाऱ्यावर तरंगणारी होडी तुमच्या ताब्यात आलेली असते. म्हणून माझी अट एवढीच आहे: ज्या होडीत मुलं बसणार, ती चालवता आणि थांबवता तुम्हालाही आली पाहिजे, आणि पोहताही आलं पाहिजे. तोवर तुमच्या घरात होडी येऊ नये.

विहिरीत शिकलेलं पोहणं पक्कं असतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण विहिरीत कुठूनही चार हात मारले की भिंत येते. धरणात भिंत नाही, अंगात शर्ट-पँट आहे आणि पाठीवर डब्याऐवजी साडेतीन वर्षांचं पोर आहे. होडी उलटलीच तर काठाकडे पोहत सुटायचं नसतं, उलट्या होडीलाच धरून राहायचं असतं. काठ दिसतो त्यापेक्षा लांब असतो. हे मुलीलाही शिकवून ठेवा, होडी घ्या अगर न घ्या, कुठल्याही होडीत बसण्याआधी.

लाइफ जॅकेटबद्दलही इथेच सांगते, कारण भाड्याच्या होडीत बसताना उद्याच कामाला येईल. दंडाला लावायचे फुगे आणि कमरेची रबरी रिंग ही टँकमधली खेळणी आहेत. पोहता न येणाऱ्या मुलाला मानेमागे कॉलर असलेलं जॅकेट लागतं, जे त्याला उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवतं, आणि पायांमधून जाणारा पट्टा लागतो. तो पट्टा नसेल तर जॅकेट वर तरंगतं आणि पोर खालून निसटतं. माप वयावर नाही, वजनावर बघायचं. मुलाला जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा, मग जॅकेटचे खांदे धरून त्याला अलगद वर उचला. जॅकेट वर सरकून त्याचे कान झाकले गेले तर ते त्याच्या मापाचं नाही, परत द्या. भाड्याच्या होडीवर नावाडी एकाच मापाची, वास मारणारी, बक्कल तुटलेली जॅकेटं पुढे करतो. तुमची स्वतःची मुलांची दोन असली की त्याच्याशी हुज्जत नको. धाकटा रडेल, काढा म्हणेल. टँकमध्ये दोनदा घालून पोहू दिलं की सवय होते.

आता नवऱ्याबद्दल, कारण तुमच्या पत्रात तो थोडा हट्टी पोरासारखा दिसतोय आणि मला तो तसा वाटत नाही. आठवडाभर कंप्युटरपुढे बसणाऱ्या माणसाला विहिरीतल्या पोहण्याची आठवण येते, आपल्या मुलांना तसलं काही मिळत नाही म्हणून हळहळ वाटते, आणि एक दिवस कुणी तरी सव्वादोन लाखांत ते सगळं विकायला येतं. या हळहळीत काही चूक नाही. मुलांना पाण्याची भीती घालू नये, हे त्याचं म्हणणं सोळा आणे बरोबर आहे. मी त्याच्या बाजूने आहे, फक्त होडीच्या बाजूने नाही. तेव्हा "नाही" हा शब्द तुम्ही काढू नका. काढलात तर पुढची दहा वर्षं प्रत्येक भांडणात "मी तेव्हा होडी घेणार होतो" हे ऐकावं लागेल. कामं त्याच्याकडे द्या. सिंचन भवनात जाऊन परवानगीची चौकशी त्याने करायची, मेरीटाइम बोर्डाकडे नोंदणीचं त्याने विचारायचं, सोसायटीच्या सेक्रेटरींशी त्याने बोलायचं. तीनही ठिकाणाहून लेखी होकार घेऊन आला, तर माणूस खरोखर होडीचा आहे, मग माझा सल्ला पुन्हा विचारा. बहुधा दुसऱ्या खिडकीपाशीच उत्साह जरा निवेल, आणि तो तुमच्यामुळे निवलेला नसेल.

मधल्या काळात पाणी मात्र मुलांच्या आयुष्यात येऊ द्या. आधी पोहणं, आणि तुमचं आधी. मोठ्या बायकांच्या बॅचेस असतात, महापालिकेच्या तलावांवरही असतात, आणि तिशीत शिकायला लाज वाटायचं कारण नाही. पहिले चार दिवस नाकात पाणी जातं, मग जमायला लागतं. मुलगी तुमच्याबरोबरच शिकेल. धाकटा पाण्यात खेळू दे, त्याचं शिकणं पाचव्या वर्षानंतर.

होडीचं म्हणाल तर भाड्याने घ्या आणि वेगवेगळं पाणी बघा. थंडीत एकदा बामणोलीला जा. कोयनेच्या जलाशयातून होडीने वासोट्याच्या पायथ्याला जाता येतं, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधे लांबलचक निळं पाणी. चढायला मुलं लहान आहेत, तर नुसती फेरी मारून या. तापोळ्यालाही होड्या मिळतात. एकदा मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीतून जा, म्हणजे समुद्राचं पाणी होडीला कसं खालून उचलतं ते कळेल. त्यातल्या एखाद्या दिवशी वारा असेल, धाकटा ओकेल, मुलगी कंटाळेल, नवऱ्याचा खांदा उन्हाने सोलून निघेल. हे सगळं झाल्यावरही परतताना चौघंही "पुन्हा कधी?" म्हणत असाल, तर तुम्ही होडीची माणसं आहात. नावाड्याशी बोला, इंजिनाला त्रास कुठे होतो, पावसाळ्यात होडी कुठे ठेवतो, वाऱ्याचा अंदाज कशावरून घेतो, ते विचारा. असा अर्धा तास शंभर व्हिडिओंना भारी असतो.

आणि दोन हिवाळ्यांनंतरही खाज राहिली, तर एकट्याने घेऊ नका. तीन कुटुंबांत मिळून घ्या, पाण्याकाठी रीतसर परवानगी असलेल्या एखाद्या जागी ती कायमची ठेवायची सोय आधी करा, आणि कोणत्या शनिवारी कोण, पेट्रोल कुणाचं, खरवडलं तर दुरुस्ती कुणी करायची, हे कागदावर लिहा. जुनं टू-स्ट्रोक इंजिन तर घेऊच नका. त्यातलं बऱ्यापैकी इंधन न जळताच ऑइलसकट पाण्यात जातं, आणि पाणी कुठलं ते वर सांगितलंच. तुमच्या या पंधरा हॉर्सपॉवरच्या इंजिनाचंही हे विचारून घ्या.

इसाराचं सांगते. मैत्रीत वाकडेपणा न येता पैसे परत मागायची एक सरळ वाट आहे. गृहस्थांना म्हणा, "होडीचा नोंदणीचा कागद दाखवा आणि पाण्यात घालून तासभर चालवून दाखवा, मग पुढचं बघू." कुठलीही जुनी होडी अशीच घ्यायची असते. इंजिन लावतात ती मागची फळी दाबून बघायची, लुसलुशीत लागली तर आत पाणी मुरलंय. थंड इंजिन किती झटक्यांत सुरू होतं ते बघायचं. आपण पोचण्याआधीच गरम करून ठेवलेलं असेल तर का, ते विचारायचं. यातलं काही त्यांना जमलं नाही, तर इसार परत मागण्यात गैर काही नाही. सगळं जमलं आणि तरी तुम्ही मागे फिरलात, तर निम्मे द्या म्हणा. सगळे अकरा हजार गेले तरी एफडी वाचतेय, हे विसरू नका.

राहिली मुलगी. तिला खरं सांगा. "पैसे नाहीत" म्हणू नका, ते खोटं आहे, आणि आजीवर तर अजिबात ढकलू नका. होडी ठेवायला आणि उतरवायला आपल्याला जागा नाही, आणि आईला अजून पोहता येत नाही, हे आठ वर्षांच्या मुलीला नीट समजतं. उलट ती तुमच्या पोहण्याच्या क्लासवर लक्ष ठेवेल. तिला दत्तू भोकनळचं सांगा. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडकडच्या दुष्काळी गावातला मुलगा, वडिलांबरोबर विहिरी खणायचा. सैन्यात गेल्यावर वल्हं हातात आलं, पुण्यात दापोडीच्या सीएमईत, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, सराव केला आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये उतरला. त्याच्या बाल्कनीतून धरण दिसत नव्हतं.

आणि सीओईपीची, म्हणजे पुण्याच्या जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजची, रेगाटा (नदीवरचा होड्यांचा सोहळा) असते तेव्हा तिला घेऊन जा. 1928 पासूनची परंपरा आहे. कॉलेजची पोरं-पोरी अंधारात नदीवर कयाक आणि पंट घेऊन आकृत्या करतात, मशाली फिरवतात, आणि काठावर अख्खं पुणं लोटतं. लवकर पोचून पुढे बसा, वल्हं कसं धरतात ते तिला जवळून दिसेल. नदीचा वास येईल. रुमाल न्या.